ड्रायव्हरच्या सीटची पटरी: दुरुस्ती की बदली? (प्रकल्प नोंदी, ठाणे)

८ जून २०२५, रविवार

गाडी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक असून तिच्या पुढच्या दोन्ही सीट्स हाताने मागेपुढे सरकवायच्या साध्या पद्धतीच्या आहेत. घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट चढताना क्लचवर जोर दिला, त्याच क्षणी ड्रायव्हरची सीट एक खाच मागे सरकली आणि ‘टक्’ असा आवाज करून थांबली. सीट मागे गेली की पाय ब्रेकपासून लांब जातो आणि आधारासाठी माणूस नकळत स्टिअरिंगला लोंबकळतो, त्यामुळे हे काम पावसाळ्यानंतर करू असे म्हणून पुढे ढकलण्यातले नाही. निकाल लागेपर्यंत गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभी राहील.

आज फक्त निदान केले. सर्वप्रथम सीटखालचा जाड सेव्हन-डी मॅट आणि सीट कव्हरच्या खालच्या पट्ट्या काढून टाकल्या, कारण आपल्याकडे बाहेरून बसवलेले मॅट आणि कव्हरच पुष्कळदा पटरीच्या लॉकमध्ये अडकतात आणि दोष मात्र पटरीच्या माथी येतो. कव्हरच्या तारेचा एक हूक खरोखरच हँडलच्या दांड्याला घासत होता. तो काढल्यावरही सीट तशीच राहिली. नंतर मागच्या सीटवर बसून पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून हलवली, तेव्हा दाराच्या बाजूला किंचित आणि गिअरच्या बाजूला स्पष्ट ढिलाई जाणवली. हँडल सोडल्यावर दोन्ही बाजूंनी एकदम ‘खट्’ आवाज यायला हवा. इथे आधी एका बाजूचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूचा कधी येतो, कधी येत नाही.

रचना अशी आहे. प्रत्येक सीटखाली दोन पटऱ्यांचे संच असतात, एक दाराच्या बाजूला आणि एक गिअरच्या बाजूला. संचातील खालची पटरी गाडीच्या तळाला बोल्टने जखडलेली असते, वरची सीटच्या सांगाड्याला जोडलेली असते, आणि या दोघींच्या मध्ये प्लास्टिकच्या पिंजऱ्यात बसवलेले पोलादी छर्रे असतात. वरच्या पटरीवर दातांची एक लॉकपट्टी असते. स्प्रिंग तिला खालच्या पटरीतल्या चौकोनी खाचांमध्ये ओढून धरते. पुढचे कमानीसारखे हँडल उचलले की दोन्ही बाजूंचे दात खाचांतून बाहेर येतात. म्हणजे लॉकपट्टी परत ओढणारी एक वस्तू आणि माणसाचा भार पेलणारी दुसरी. पुढच्या सगळ्या कामाचा निर्णय याच फरकावर होईल असे दिसते.

१० जून, मंगळवार

संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात सीटखाली आरसा सरकवून पाहिले. दाराच्या बाजूच्या संचातील स्प्रिंगचा आकडा तुटला आहे आणि उरलेली स्प्रिंग नुसती लोंबते आहे. इथवर पाहिले असते तर काम पन्नास रुपयांत संपल्यासारखे वाटले असते; पण जास्त ढिलाई गिअरच्या बाजूला आहे आणि तिकडची स्प्रिंग शाबूत दिसते. तेव्हा तिकडचा दोष वेगळा असला पाहिजे.

गिअरच्या बाजूचे महत्त्व अधिक आहे, कारण सीटबेल्टचे बक्कल तिथे वरच्या पटरीलाच बोल्टने बसवलेले आहे. काही गाड्यांत ते गाडीच्या तळाला असते, आमच्या गाडीत सीटबरोबर सरकते. सीटबरोबर सरकणारे बक्कल सोयीचे, कारण उंच-ठेंगण्या दोघांनाही पट्टा सारखाच बसतो. मात्र त्यामुळे अपघातात पट्ट्यावर येणारा भार बक्कलमधून वरच्या पटरीत, तिथून लॉकच्या दातांमधून खालच्या पटरीच्या खाचांत आणि शेवटी तळाच्या बोल्टमध्ये जातो. या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा जेवढा मजबूत, तेवढाच तो सीटबेल्ट मजबूत.

हा भार किती, याचा अंदाज नियमांवरून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील नियम क्रमांक १७ प्रमाणे सीट आणि तिची पकड यांना गुरुत्वाकर्षणाच्या २० पट त्वरण ३० मिलिसेकंद सोसावे लागते. सीटचे वजन १६ किलो धरले तर नुसत्या रिकाम्या सीटचाच ओढ ३२० किलोच्या वजनाइतका झाला. नियम क्रमांक १४ सीटबेल्टच्या पकडींविषयी आहे. त्यात प्रवासी कारसाठी छातीवरच्या आणि कमरेवरच्या पट्ट्यावर प्रत्येकी १३,५०० न्यूटन, म्हणजे साधारण पावणेचौदाशे किलोच्या वजनाइतका जोर देतात, आणि पकड सीटलाच असेल तर त्यात सीटच्या वजनाच्या २० पट आणखी भर घालतात. घरच्या पार्किंगमध्ये सीट कितीही जोराने ओढून पाहिली तरी या आकड्यांच्या जवळपासही कोणी पोहोचत नाही, म्हणून ‘हाताने ओढून पाहिले, पक्की आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही.

त्यावरून कामासाठी एक रेघ आखून घेतली आहे. जे भाग केवळ हालचालीसाठी आहेत, म्हणजे हँडल, स्प्रिंग, छर्ऱ्यांचा पिंजरा आणि ग्रीस, ते स्वतः दुरुस्त करण्यास हरकत नाही. ज्या भागांतून अपघाताचा भार जातो, म्हणजे दात, खाचा, पटरीचा पत्रा, बक्कलची पकड आणि तळाचे बोल्ट, ते निकामी झाले तर बदलायचे. स्प्रिंग मात्र या रेघेवरच बसते: भार ती घेत नाही, पण ती लेचीपेची असेल तर दात अर्धेच खाचेत बसतात आणि अर्ध्या बसलेल्या दाताच्या ताकदीवर कोणी भरवसा ठेवू नये.

१४ जून, शनिवार

सीट बाहेर काढली. सीट आधी पूर्ण पुढे घेऊन मागचे दोन बोल्ट सैल केले, मग पूर्ण मागे घेऊन पुढचे दोन. त्यानंतर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडले, चहा होईपर्यंत थांबलो आणि मगच सीटखालच्या वायरिंगला हात लावला. एअरबॅगच्या नियंत्रकात वीज थोडा वेळ साठून राहते, म्हणून हे थांबणे आवश्यक असते. आमच्या सीटमध्ये साइड एअरबॅग नाही, त्यामुळे खाली पिवळा कनेक्टरही नाही. ज्यांच्या सीटखाली तो असेल त्यांनी बॅटरी जोडलेली असताना तो काढू नये आणि तो सुटलेला असताना चावीही फिरवू नये, नाहीतर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो विझवायला स्कॅनर लावावा लागतो. बक्कलच्या स्विचची वायर मात्र आमच्याकडेही आहे. चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी सीटबेल्टची सूचना देणारा बझर १ जुलै २०१९ पासून सर्व नव्या कारना सक्तीचा झाला. आमच्या जुन्या गाडीत फक्त ड्रायव्हरपुरता दिवा लागतो.

मागचा एक बोल्ट गंजून घट्ट बसला होता. यंदा पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, आणि ओल्या बुटांचे पाणी ड्रायव्हरच्या बाजूच्या गालिच्यात आठवडाभर मुरलेले आहे. पण हा गंज एका पावसाळ्याचा नाही. गंज सोडवणारे तेल मारून तो रात्रभर तसाच ठेवला आणि लांब दांड्याच्या पान्याने हळूहळू मागेपुढे करत सोडवला. अशा वेळी पाइप घालून झटका दिला तर बोल्टचे डोके तुटते, आणि उरलेला तुकडा तळाच्या वेल्ड केलेल्या नटमधून काढणे हे पटरीपेक्षा मोठे काम होऊन बसते.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला आहे. याचा अर्थ पोलादाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० मेगापास्कलला ते कायमचे ताणले जाऊ लागते. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा बिनआकड्याचा बोल्ट सहज मिळतो आणि तो बसतोही; म्हणूनच तो धोक्याचा. बक्कलच्या बोल्टची गोष्ट आणखी वेगळी आहे. सीटबेल्टच्या पकडीचे आटे जगभर बहुधा ७/१६ इंच, २० यूएनएफ या मापाचे असतात, म्हणजे व्यास ७/१६ इंच आणि दर इंचाला २० बारीक आटे. बाकी सगळी गाडी मिलिमीटरमध्ये असली तरी हा एक बोल्ट इंचातला राहतो. तो हरवला म्हणून एम-१०, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचा, घातला तर सैल बसतो आणि एम-१२ ठोकून घातला तर आटे जातात. मी तो काढल्याबरोबर वेगळ्या डबीत नाव लिहून ठेवला.

१५ जून, रविवार

सीट उलटी करून दोन्ही पटऱ्यांचे संच सांगाड्यापासून वेगळे केले. वरची आणि खालची पटरी एकमेकींपासून अलग केली नाही, कारण टोकांचे अडथळे कारखान्यात दाबून वळवलेले असतात. ते सरळ करून पुन्हा वळवले तर तिथला पत्रा थकतो, आणि छर्रे एकदा घरंगळले की सगळे परत मिळतीलच असे नाही. संच जसाच्या तसा ठेवून वरची पटरी एका टोकाला सरकवली की खालच्या पटरीच्या निम्म्याहून अधिक खाचा उघड्या पडतात. मग दुसऱ्या टोकाला सरकवायची आणि उरलेल्या पाहायच्या.

आत साचलेला मळ म्हणजे काळे झालेले जुने ग्रीस, वाळू, केस, चिवड्यातले दाणे आणि एक रुपयाचे नाणे. नाणे दाराच्या बाजूच्या पटरीत उभे अडकले होते आणि त्याच्या कडेला लॉकच्या दाताचे ठसे उमटलेले होते, म्हणजे बराच काळ तो दात खाचेऐवजी नाण्यावर टेकत होता. त्या धक्क्यांनीच स्प्रिंगचा आकडा तुटला असावा. ब्रश आणि डिझेलने मळ काढून, कापडाने पुसून, संच उन्हाअभावी पंख्याखाली वाळवला.

दाराच्या बाजूचा संच स्वच्छ झाल्यावर ठाकठीक दिसला. दातांचे कोपरे धारदार आहेत, खाचांच्या कडा चौकोनी आहेत, व्हर्नियरने मोजल्यावर वापरातल्या आणि न वापरलेल्या खाचांच्या रुंदीत फरक दिसला नाही. गिअरच्या बाजूचे चित्र निराळे आहे. ज्या दोन-तीन खाचांवर सीट वर्षानुवर्षे असते, त्यांची मागची कड चकचकीत आणि तिरपी झाली आहे. नख फिरवले तर टोकाच्या खाचांवर ते अडते, इथे घसरते. दातांचेही कोपरे गोल झाले आहेत. दाराच्या बाजूचा दात नाण्यावर टेकला असताना सगळा भार एकट्या याच बाजूने घेतला, आणि ब्रेक व क्लचच्या प्रत्येक दाबाला दात खाचेत आपटत राहिला, असा त्याचा अर्थ लागतो.

एका खाचेच्या कोपऱ्यात बारीक रेघ दिसत होती. ती ओरखडा आहे की तडा, हे डोळ्यांनी ठरेना. आमच्या मजल्यावरचे काका वागळे इस्टेटमधल्या टूलरूममधून निवृत्त झाले आहेत. त्यांना पटरी दाखवली. ते म्हणाले, “डोळे ताणून काय बघतोस, डाय मारून बघू.” त्यांच्याकडे डाय पेनेट्रंटचे, म्हणजे बारीक तड्यात मुरून तो उघड करणाऱ्या रंगाचे फवारे होते. आधी जागा क्लीनरने पूर्ण कोरडी केली, मग लाल रंग फवारून पंधरा मिनिटे थांबलो. रंग थेट फवाऱ्याने धुवायचा नाही, नाहीतर तड्यातला रंगही निघून जातो. क्लीनरने किंचित ओलसर केलेल्या कापडाने तो पुसायचा. त्यानंतर पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर मारला. पहिल्या मिनिटात काहीच नव्हते. मग खाचेच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली लाल रेघ वर आली आणि पाहता पाहता जाड होत गेली. लांबी चार मिलिमीटरच्या आसपास. काका म्हणाले, “ओरखडा असता तर नुसती फिकट खूण दिसली असती. ही पाझरतेय, म्हणजे आत खोली आहे.” तोच प्रयोग दाराच्या बाजूच्या सर्व खाचांवर आणि बक्कलच्या पकडीभोवतीच्या वेल्डवर केला. तिथे पांढरा थर पांढराच राहिला.

१७ जून, मंगळवार

ऑफिसातून येताना वागळे इस्टेटमध्ये दोन ठिकाणी चौकशी केली.

पहिला वेल्डर. चारशे रुपयांत तडा भरून, खाच घासून चौकोनी करून देण्याचा दर त्याने सांगितला, पण पटरी हातात घेण्यापूर्वीच त्याने विचारले, “बेल्टचं बक्कल जमिनीला आहे की सीटला?” सीटला आहे म्हटल्यावर त्याने पटरी परत केली. “सीटला असेल तर मी हात लावत नाही साहेब. बाकी काही पण आणा.” त्याच्याकडून हे ऐकून बरे वाटले, कारण चारशे रुपयांचे काम नाकारायला त्याला दुसरे काही कारण नव्हते.

वेल्डिंग इथे का चालत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण ‘वेल्ड मूळ पत्र्यापेक्षा मजबूत असतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. साध्या मऊ पोलादाच्या गेटच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. सीटच्या पटऱ्या मात्र उच्च ताकदीच्या पातळ पत्र्यापासून थंड अवस्थेत वळवून बनवतात. त्यांची ताकद काही मिश्रधातूतून, काही कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेतून आणि काही त्या थंड वळवण्यातून आलेली असते. वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या पट्ट्यातली ही कमावलेली ताकद उतरते, त्यामुळे वेल्ड स्वतः टिकतो आणि त्याच्या कडेला पत्रा फाटतो. दात कडक केलेले असतील तर तेही उष्णतेने मऊ होतात. शिवाय छर्ऱ्यांच्या वाटेत मिलिमीटरच्या अंशाइतकीच मोकळीक असते. पत्रा जरा ओढला गेला तरी सीट एका टोकाला सैल आणि दुसऱ्या टोकाला जाम होते. गॅल्वनाइज्ड पत्रा असेल तर जस्ताचा धूर निघतो तो वेगळाच.

दुसरी चौकशी स्प्रिंगची. तुटलेली स्प्रिंग दाखवल्यावर स्प्रिंग बनवणाऱ्याने तारेची जाडी, वेढे आणि बाहेरचा व्यास मोजून तशीच करून देतो म्हणून सांगितले. फक्त किमान शंभर नग घ्यावे लागतील. नव्याण्णव स्प्रिंगांचे काय करायचे, हा प्रश्न माझा.

२१ जून, शनिवार

आज पर्यायांच्या किमती. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत आमच्या मॉडेलची संपूर्ण ड्रायव्हर सीट मिळते. मागितलेली किंमत साडेचार हजार, घासाघीस केल्यावर साडेतीनपर्यंत उतरली. नुसती पटरी सुटी करून द्यायला कोणी तयार नव्हते, आणि ते रास्तही आहे, कारण पटरी काढलेली सीट मग कोण घेणार?

भंगारातली पटरी वाईटच असते असे माझे मत नाही. ती घेणाऱ्याने गाडी अपघातातली होती का, हे पटरीवरून ओळखायला शिकले पाहिजे: बोल्टच्या छिद्राभोवती रंगाला बारीक भेगा, लांबट झालेली छिद्रे, सरकवताना मध्येच एका जागी लागणारा अडथळा, बक्कलच्या पट्टीला पडलेला पीळ. पाण्यात बुडालेल्या गाडीची सीट फेसाच्या वासावरून आणि सांगाड्याच्या आतल्या बाजूच्या गंजावरून कळते. मी पाहिलेल्या सीटमध्ये यातले काही दिसले नाही. पण ती गाडीही आमच्याच वयाची, तिच्याही ड्रायव्हरने त्याच दोन-तीन खाचांवर वर्षे काढलेली. आतल्या खाचा पाहण्यासाठी दुकानदार पटरी उघडू देणार नव्हता. एक झिजलेली पटरी देऊन दुसरी, न तपासता येणारी, आणण्यात मला फायदा दिसला नाही.

कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर पार्ट नंबर पाहून सांगितलेली किंमत गिअरच्या बाजूच्या संचाला ३,२४० रुपये आणि दाराच्या बाजूच्या संचाला २,९८० रुपये. स्प्रिंग सुटी मिळत नाही. दोन्ही बाजू वेगळ्या मिळतात, हे कळल्यावर फक्त गिअरच्या बाजूचा संच मागवला. दोन्ही एकदम बदला असे सांगणारेही चुकीचे नाहीत, आणि दाराच्या बाजूची पटरी तपासण्याची सोय नसती तर मीही तेच केले असते. इथे दात आणि खाचा मोजल्या आहेत, डाय मारून पाहिले आहे, आणि तिकडे उरलेला दोष फक्त स्प्रिंगचा आहे. बाजारात याच पटरीची बिनकंपनीची नक्कलही निम्म्या किमतीत दाखवली गेली. तिच्या पत्र्याची जाडी व्हर्नियरवर मूळ पत्र्यापेक्षा कमी भरली, म्हणून तो विषय तिथेच संपला.

२२ जून, रविवार

नेरुळला मेहुण्याकडे गेलो होतो. त्याच्या गाडीची सीट विजेवर चालते आणि ती एका बाजूने अडून तिरकी झाली आहे, म्हणून तीही उघडून पाहिली. इथे हिशेब उलटा निघाला.

विजेच्या सीटमध्ये दात आणि खाचा नसतात. मध्यभागी एक मोटर, तिच्यापासून दोन्ही पटऱ्यांकडे जाणाऱ्या दोन लवचीक केबल, प्रत्येक टोकाला छोटी गिअरपेटी आणि तिच्यातून फिरणारा लांब स्क्रू अशी व्यवस्था असते. सीट धरून ठेवण्याचे काम स्क्रू आणि नट यांचे असते: स्क्रू फिरवला की नट सरकतो, पण नट कितीही ढकलला तरी स्क्रू फिरत नाही. त्यामुळे मोटर, केबल आणि तिच्या बाजूचा प्लास्टिक गिअर हे सगळे हालचालीचे भाग ठरतात. मेहुण्याच्या सीटमध्ये एका केबलचे टोक गिअरपेटीतून निसटले होते. बाहेरचे प्लास्टिक आवरण आणि आतली तार यांच्या लांबीत कालांतराने फरक पडतो आणि तारेचे चौकोनी टोक गिअरमध्ये पुरेसे खोल जात नाही. आवरणाचे टोक काही मिलिमीटर कापले की तार पुन्हा खोल बसते. नवीन संचाची किंमत त्याला पाच आकडी सांगितली होती. ब्लेडने काम झाले. फक्त केबल जोडण्यापूर्वी दोन्ही पटऱ्या स्क्रू हाताने फिरवून तंतोतंत एका रेषेत आणाव्या लागतात, नाहीतर सीट कायमची तिरकी चालते आणि चांगली बाजूही लवकरच जाम होते. स्क्रू वाकलेला किंवा नटचे आटे गेलेले असते तर मात्र त्यालाही पूर्ण संचच घ्यायला सांगितले असते.

२८ जून, शनिवार

नवीन संच आला. वजनाला जुन्याइतकाच, पत्र्याची जाडी तीच, खाचांमधले अंतर तेच. जुना संच शेजारी ठेवून सर्व छिद्रे जुळवून पाहिली, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत पकडीची जागा बदललेली असू शकते.

दाराच्या बाजूच्या स्प्रिंगचा प्रश्न जुन्या, तडा गेलेल्या संचानेच सोडवला. त्याची पटरी निकामी असली तरी स्प्रिंग शाबूत आहे आणि दोन्ही बाजूंना तीच स्प्रिंग आहे. अकरा वर्षे वापरलेली स्प्रिंग मऊ झाली नाही ना, हे पाहण्यासाठी ती आणि नव्या संचातली स्प्रिंग आळीपाळीने बॅगा तोलायच्या काट्याला अडकवून दोन्ही सारख्याच अंतराने ताणल्या. काट्यावरचा फरक शंभर ग्रॅमच्या आत होता. आकड्यांच्या वळणावर डायही मारून घेतला; तिथे काही नाही. जुनी स्प्रिंग दाराच्या बाजूला बसवली. तिच्या जोरात स्पष्ट घट असती तर दुसरा संचही विकत घेतला असता.

वंगणासाठी पांढरे लिथियम ग्रीस वापरले, तेही छर्ऱ्यांच्या वाटेत बोटाने पातळ थर देऊन. लॉकच्या दातांवर आणि खाचांवर ग्रीस लावले नाही. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्यालाच वंगण समजून दर महिन्याला पटरीवर मारणारे लोक मी पाहिले आहेत. तो थोड्या दिवसांत उडून जातो आणि मागे धूळ धरणारा चिकट थर ठेवतो.

बसवण्यात क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही संच एकाच क्रमांकाच्या खाचेवर लॉक करून मग सांगाड्याला जोडले, बक्कलचा इंची बोल्ट आधी हाताने फिरवून शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळू देणाऱ्या पान्याने, आवळला. सीट गाडीत ठेवून चारही बोल्ट नुसते बोटांनी लावले, सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली, म्हणजे पटऱ्या आपोआप एकमेकींना समांतर होतात, आणि त्यानंतरच मॅन्युअलमध्ये दिलेल्या ३५ न्यूटन-मीटरला बोल्ट आवळले. आधीच घट्ट करून टाकले तर पटऱ्यांमध्ये ताण राहतो आणि एका बाजूचे लॉक उशिरा लागते, म्हणजे मूळ तक्रारच परत येते. वायरिंग जोडले, मग बॅटरी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला आणि सीटबेल्टचा दिवा बक्कल लावल्यावर गेला.

२९ जून, रविवार

प्रत्येक खाचेवर सीट थांबवून, हँडल सोडून, हँडलला हात न लावता सीट मागेपुढे ढकलून पाहिली. सर्व खाचांवर दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येतो. खाली आरसा धरून दात पूर्ण आत गेल्याचेही पाहिले. आवाजापेक्षा मी यावर अधिक विसंबतो. त्यानंतर पार्किंगच्या मोकळ्या भागात कमी वेगात काही वेळा जोराने ब्रेक दाबले, आणि सकाळची गर्दी होण्याआधी येऊरच्या चढावर गाडी थांबवून चढावरच पुन्हा निघालो. सीट हलली नाही. मोजपट्टी लावून पाठीमागच्या खुणेपासून अंतर मोजले होते, तेही तेवढेच राहिले.

खर्च: नवीन संच ३,२४० रुपये, ग्रीस आणि क्लीनर मिळून साडेपाचशेच्या आत. डायचे फवारे काकांचे. त्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या स्कूटरचे कार्ब्युरेटर पुढच्या रविवारी साफ करून द्यायचे ठरले आहे.

१३ जुलै, रविवार

दोन आठवड्यांच्या वापरानंतर चारही बोल्ट पुन्हा रेंचने तपासले. एकही सैल नव्हता. सेव्हन-डी मॅट पटरीच्या जागी आयताकृती कापून मगच परत टाकला आणि कव्हरच्या खालच्या तारा हँडलपासून दूर, सांगाड्याच्या मागच्या नळीला बांधल्या. ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा उचलून खालचा फोम वाळवला, कारण ओल तशीच राहिली तर नवी पटरीही त्याच वाटेने जाईल.

त्याच बैठकीत डावी सीटही उघडून पाहिली. तिच्या खाचा जवळजवळ नव्या आहेत, दोन्ही स्प्रिंग शाबूत आहेत, डायमध्ये काही दिसले नाही. वाळू काढून ग्रीस लावले आणि सीट परत बसवली. जुन्या संचाचे ग्राइंडरने, तडा गेलेल्या खाचेमधूनच, दोन तुकडे केले आणि मगच ते भंगारवाल्याला दिले. अखंड दिला असता तर तो पुसूनपासून कुठल्या तरी गाडीत पुन्हा बसला असता.